वखारीचं वळण

खेळाडूंची सरकारी योजना सोडायच्या अर्जावर चार कारणं छापलेली होती: दुखापत, निवृत्ती, गैरवर्तन, मृत्यू. क्रीडा कार्यालयातल्या कारकुनाने ती मोठ्याने वाचून दाखवली, कारण काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या बाईला दिसत नव्हतं.

"यातलं कुठलं?" त्याने विचारलं.

"अजून तरी काहीच झालेलं नाही," ती म्हणाली. "शेवटचं तर नक्कीच नाही."

"मग सोडताय कशाला?"

"सोडायची आहे म्हणून."

"तसा रकाना नाही, मॅडम."

तिच्या शेजारी तिची वहिनी उभी होती. वहिनी शाळेची बस चालवते. भरल्या बसमधल्या पोरांच्या वर आवाज काढायची सवय असल्याने ती कार्यालयातही त्याच पट्टीत बोलते. "अहो, रकाना नाही तर पाडा की," ती म्हणाली. "बसमध्ये सीट कमी पडली म्हणून आम्ही काय पोराला रस्त्यावर सोडतो?"

कारकून आतल्या साहेबांना विचारायला गेला. त्याच्या चपला जाताना चटचट वाजल्या, येताना फरपटत आल्या. 'निवृत्ती'वर खूण करा, असं साहेबांचं म्हणणं पडलं. पण निवृत्त झालेल्या बाईला पुढच्या शर्यतीत नाव कसं देता येणार? हे त्याला दोनदा समजावून सांगावं लागलं. अखेर त्याने पेन उचललं आणि चार कारणांखाली हाताने पाचवं लिहिलं: स्वेच्छेने.

"योजनेत घ्या म्हणून रडणारे रोज येतात," सही कुठे करायची ते तिचं बोट धरून दाखवताना तो म्हणाला. "सोडा म्हणून भांडणारी पहिलीच बघतोय. दोन वर्षं परत घेता येणार नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

तिचं वय तेहतीस होतं. दोन वर्षांनी तिला कोण विचारणार होतं, हेही तिला माहीत होतं.

गल्लीत तिला घंटी म्हणतात. लहानपणी तिची नजर हळूहळू जात होती, तेव्हा थोरला भाऊ तिला सायकलच्या मागे बसवून फिरवायचा. नुसतं बसून ती कंटाळते म्हणून त्याने मागच्या कॅरिअरला एक घंटी बसवून दिली. ही पोरगी ती सतत वाजवायची. लोक वैतागले, घंटी काढा म्हणाले. घंटी निघाली, नाव राहिलं.

भावाने पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. ती मोटरींचं वाइंडिंग शिकली. जळालेल्या पंख्याच्या, पंपाच्या मोटरीतली तार काढून नवी भरायची. हे काम तसंही बोटांनीच होतं. बघणारे कारागीर उगाच डोळे ताणतात, असं तिचे मालक म्हणायचे. एकदा दुकानात कुणीतरी दोघांची सायकल दुरुस्तीला टाकून गेलं आणि परत आलंच नाही. टँडेम म्हणतात तिला. दोन सीटा, दोन हँडल, पण चाकं दोनच. पुढची बाई वळवते, ब्रेक लावते. मागचीने फक्त पेडल मारायचं. दोघींचे पाय एकाच साखळीने बांधलेले असतात. एक थांबली की दुसरीचा पाय जागेवर अडतो.

वहिनीने ती सायकल अंगणात फिरवून पाहिली आणि नणंदेला हाक मारली. "ये गं घंटे. मागे चाळीस पोरं घेऊन चालवते मी रोज. तू एकटी काय जड आहेस?"

नणंद-भावजयीचं एका साखळीवर जमलंय, हे सांगत दादा गल्लीभर फिरला. कुणाचा विश्वास बसला नाही.

जमलं त्याचं कारण वहिनीचं तोंड. सुरुवातीला ती 'डावीकडे', 'उजवीकडे' असं सांगायची. घंटीला ते पुरायचं नाही. डावीकडे, पण किती? एकदम की सावकाश? वळण संपतं कधी? मागे बसलेल्याने चुकीच्या वेळी अंग टाकलं तर सायकल रस्ता सोडते. मग एके दिवशी भलत्याच गावच्या रस्त्यावर वहिनी ओरडली, "दवाखाना!" आणि घंटीचं अंग आपोआप झुकलं. घराजवळच्या दवाखान्यापाशी रस्ता लांबलचक, आळसट वळतो. ते वळण तिच्या पाठीला पाठ होतं.

तिथून त्यांची भाषा सुरू झाली. जगातल्या प्रत्येक वळणाला घराजवळचं नाव. लांब आणि सावकाश असेल तर दवाखाना. सरळ, अंगावर येणारा उतार म्हणजे टाकी. दम काढणारा चढ म्हणजे शाळा. आणि भिंतीला खेटून काटकोनात, एका दमात घ्यायचं ते वखारीचं वळण. लाकडाच्या वखारीपाशी रस्ता तसाच वळायचा. ताज्या भुशाचा वास नाकात शिरला की समजायचं, आता भिंत. वळण दुसऱ्या बाजूला असेल तर पुढे 'उलटा' किंवा 'उलटी' लावायचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी वहिनी गाडीतून मार्ग बघून यायची आणि जेवताना म्हणून दाखवायची: "आधी टाकी, मग उलटा दवाखाना, मग शाळा, मग लागोपाठ दोन वखारी." घंटी घास चावता चावता खुर्चीतच डोलायची.

अशाने त्या दोघी देशपातळीवरची आपली पहिली शर्यत जिंकल्या आणि घंटीला सरकारी योजना मिळाली. दर महिन्याला मानधन, प्रशिक्षण केंद्रात राहायला खोली, डॉक्टर, मालिश, मोजूनमापून जेवण आणि एका हाताने उचलता येईल अशी परदेशी सायकल. अट एकच. पुढे बसणारी पायलट केंद्राची असेल आणि ती पस्तिशीच्या आतली असेल. वहिनी एक्केचाळीसची होती.

"जा," वहिनीच म्हणाली होती. "माझं काय, माझ्याकडे बस आहे."

केंद्रात वाईट काहीच नव्हतं, हीच अडचण झाली. खोलीची खिडकी पूर्वेला होती, सकाळी गालावर ऊन यायचं. जिन्याचे कठडे पक्के होते. नवी पायलट चोवीस वर्षांची, पोलादी पायांची, सालस मुलगी. ती बोलायची नाही, इतकंच. बोलण्यात श्वास जातो, असं तिला शिकवलं होतं आणि ते खरंच होतं. बंदिस्त ट्रॅकवर, जिथे प्रत्येक फेरी सारखी, तिथे त्या दोघी वाऱ्यासारख्या जायच्या. रस्त्यावर मात्र घंटीला पुढचं काही कळायचं नाही. ती पूर्ण ताकदीने पेडल मारत असताना पाय अचानक अडायचा, म्हणजे वळण आलं. अंग कलंडायचं, म्हणजे वळण सुरू झालं. हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत उतारावर असंच झालं आणि त्या चौथ्यावरून नवव्यावर गेल्या.

"सांगायचं होतंस गं," उतरल्यावर घंटी म्हणाली.

"सांगायला वेळ कुठे होता, ताई?" मुलगी रडवेली झाली होती.

तिचंही बरोबर होतं. घंटी त्या संध्याकाळी प्रशिक्षकांकडे गेली. "सर, मागे बसून माझी पिशवी झाली आहे. कुणीतरी उचलून नेतं आणि ठेवतं. मला वहिनी पाहिजे."

"तू म्हणतेस ते पटतं मला," सर म्हणाले. "पण वयाची अट मी घातलेली नाही आणि मला काढताही येत नाही. योजनेत राहायचं तर पायलट केंद्राची. निवड मात्र योजनेवर अवलंबून नाही. निवड चाचणीत कुणीही उतरू शकतं, पहिल्या दोन जोड्या परदेशी जातात. पण बाहेरून येऊन ती जमवलेली जोडी मी तरी पाहिलेली नाही."

"मग बघाल."

सर हसले. टोमणा मारल्यासारखे नव्हे.

घरी आईने कपाळावर हात मारून घेतला. तो आवाज घंटीला चांगला ओळखू यायचा. "भरल्या ताटावरून कुणी उठतं का गं?"

"ताट भरलेलं आहे, आई. पण माझ्या तोंडात घास कुणी घालायचा, तेही तेच ठरवणार."

"आणि ती पोरगी वेगवान आहे म्हणतेस ना?"

"आहे. पण मुकी आहे."

मग आई म्हणाली, "बोलणाऱ्याचे हुलगे विकतात म्हणा." एवढीच तिची परवानगी.

केंद्राची सायकल परत गेली. वाइंडिंगच्या मालकांनी खुर्ची ठेवली होती. "फक्त तिच्यावर मांजर बसतं हल्ली. तुमचं तुम्ही बघून घ्या," ते म्हणाले. दादाने शर्यतीच्या सायकलींच्या दोन जुन्या फ्रेम मिळवल्या आणि कापून, जोडून एक टँडेम उभी केली. वेल्डिंगचा वास दुकानात आठवडाभर होता. घंटीने सगळ्या जोडांवरून बोट फिरवलं.

"सायकल आहे का पलंग?" ती म्हणाली.

"नावं ठेवू नकोस. बायको आणि बहीण एकाच दिशेला जातील अशी वस्तू मी जन्मात पहिल्यांदा बनवली आहे."

रोज सकाळी शाळेची बस सुटायच्या आधी त्या दोघी धरणाच्या रस्त्यावर जायच्या. रस्ता मोकळा, गाड्या नाहीत. वहिनीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा: टाकी, दवाखाना, उलटा दवाखाना, समोर म्हशी, पाय मार गं, झोपलीस का. जड सायकल असूनही वेग चढत गेला. महिनाभरात घंटीला खात्री पटली की मधलं वर्ष गेलंच नव्हतं.

निवड चाचणीच्या आधी सरावासाठी म्हणून त्या एका खुल्या शर्यतीत उतरल्या. अर्ध्या वाटेपर्यंत त्या दुसऱ्या होत्या. मग वहिनी ओरडली, "वखार!" घंटीने एका दमात, मनापासून अंग टाकलं. सायकल आत ओढली गेली, वहिनीने "नको!" म्हणेपर्यंत पुढचं चाक कठड्याच्या दगडाला धडकलं आणि दोघी रस्त्यावर घासत गेल्या.

हाड मोडलं नाही. वहिनीचं कोपर फुटलं, घंटीची मांडी गुडघ्यापर्यंत सोलली. पडण्याची दोघींना सवय होती. परतीच्या वाटेवर गाडीत भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

"एवढं अंग कशाला टाकलंस?"

"वखार म्हणालीस ना तू?"

"वखारच होती!"

"मग वखारच झुकले मी!"

"ही कुठली वखार? तू तर बोळात शिरल्यासारखी झुकलीस."

"केंद्रात जाऊन विसरले, असं म्हणायचंय का तुला?"

"मी काही म्हणत नाही. माझं कोपर म्हणतंय."

दादा गाडी चालवत होता. "दोघींतली कोण खोटी ते ठरवा सावकाश," तो म्हणाला. "तोवर मी चाक सरळ करतो."

घंटी रागावली होती, पण रागापेक्षा तिला भीती वाटली होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नाही. पायांत ताकद कमी पडली असती तर ती वाढवता आली असती. पण वहिनीचा शब्द आणि तिची पाठ यांचीच फारकत झाली असेल, तर मग तिने योजना सोडली कशासाठी? गप्प बसणारी पायलट केंद्रात फुकट मिळत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती लंगडत वहिनीच्या दारात गेली. "चल, वखारीला जाऊ."

"या पायाने?"

"चालत. सायकल नको."

वखार घरापासून दूर नव्हती, पण घंटीच्या कामाची वाट उलट दिशेला होती, आणि धरणाच्या रस्त्याला तसलं एकही वळण नव्हतं. केंद्रातून आल्यापासून ती तिथे एकदाही गेली नव्हती. करवतीचा आवाज आधी आला, मग भुशाचा वास. वास जरा लांबून येतोय असं तिला वाटलं. वळणापाशी येताच तिने सवयीने उजवा हात बाजूला नेला. तिथे खडबडीत, उन्हाने तापलेली भिंत असायची. हात मोकळाच राहिला. ती दोन पावलं सरकली. अजून मोकळा. काठीला डांबर लागत राहिलं.

"वहिनी, भिंत कुठे आहे?"

"कुठली भिंत?"

"वखारीची!"

"ती होय? ती पाडली की गेल्या वर्षी. रस्ता रुंद केला ना. आता बस एका झटक्यात वळते, पूर्वी दोनदा मागेपुढे करायला लागायचं," असं उत्साहाने सांगता सांगता वहिनीचा आवाज मध्येच बसला. "अगं बाई."

"मला कुणीच सांगितलं नाही."

"तुला सांगायचंच राहिलं. मी रोज जाते गं इथून. मला वाटलं, भिंत गेली हे सगळ्या जगाला माहीत आहे."

वहिनी वखार म्हणाली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे हे रुंद, गोलसर वळण होतं. घंटीच्या पाठीत अजून जुनी भिंत उभी होती. दोघींचंही चुकलं नव्हतं, आणि म्हणून दोघी पडल्या होत्या.

आधी घंटी हसली. मग वहिनी इतकी मोठ्याने हसली की करवत थांबली आणि आतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

"हसू नकोस," घंटी म्हणाली. "अजून काय काय पाडलंय ते सांग."

तो रविवार त्यांनी चालण्यात घालवला. टाकीच्या उतारावर पायथ्याला गतिरोधक आला होता. शाळेचा चढ होता तेवढाच होता, फक्त त्याच्या माथ्यावर आता सिग्नल होता. दवाखाना जागेवर होता; डॉक्टर बदलला होता, पण त्याने वळणाला फरक पडत नव्हता. घंटीने प्रत्येक ठिकाणी उभं राहून, काठी टेकून, अंग झुकवून पाहिलं. लोक बघत असणार. वहिनी त्यांना सांगत होती, "मोजणी चाललीय, पुढे व्हा."

वखारीची दोन वळणं झाली. नवी वखार म्हणजे रुंद, गोल. जुनी वखार म्हणजे भिंतीला खेटून, काटकोनात, एका दमात. रस्त्यावर आता फक्त नवी होती. जुनी दोघींपुरतीच उरली होती, पण शर्यतींच्या रस्त्यांवर तशी वळणं अजून पुष्कळ होती. एक शब्द जास्तीचा मिळाला, असा हिशेब घंटीने लावला.

निवड चाचणी एका डोंगराळ गावात होती. आदल्या दिवशी वहिनी दादाला घेऊन तीनदा मार्ग फिरून आली. संध्याकाळी उतरायच्या खोलीत तिने म्हणून दाखवलं: "शाळा, मोठी शाळा, दवाखाना, टाकी, पण गतिरोधक नाही, नवी वखार, उलटी नवी वखार. शेवटी, रेषेच्या अलीकडे, जुनी वखार."

"किती जुनी?"

"तुझं स्थळ नाकारणाऱ्या त्या काकूंच्या विचारांपेक्षा जुनी. भिंत आहे, घंटे. खरीखुरी भिंत आहे."

सकाळी हवा थंड होती. केंद्राच्या जोडीत पुढे तीच चोवीस वर्षांची मुलगी होती, मागे नवी खेळाडू. आणखी सहा जोड्या. चढावर दादाच्या सायकलीचं वजन कळलं. पुढे गेलेल्यांची चाकं घंटीच्या कानांतून एकेक करून पुसली गेली. वहिनी धापा टाकत होती आणि तरीही बोलत होती. "शाळा संपली. आता मोठी. पुढे तीन आहेत. रड नंतर, आता मार." दवाखान्यावर एक जोडी मागे पडली. टाकीवरून सुटताना तेच वजन उपयोगी आलं आणि वारा कानांत भरला. नव्या वखारीवर घंटी झुकली ती सावकाश, लांब, जशी रविवारी काठी टेकून झुकली होती, आणि सायकल रुळावरून गेल्यासारखी गेली.

शेवटच्या टप्प्यात पुढे दोन जोड्या होत्या. त्यांतल्या एकीला मागे टाकणं भाग होतं.

"जुनी वखार," वहिनी म्हणाली. यावेळी ओरडली नाही. "आतून जाऊ का?"

आतून म्हणजे भिंत आणि दुसरी सायकल यांच्या मधून. मागचीने केसभर कमी झुकून चालणार नव्हतं.

"जा."

पुढच्या जोडीचा ब्रेक करकरला. वहिनीने ब्रेक लावला नाही. घंटीने घराजवळच्या, आता नसलेल्या भिंतीकडे अंग टाकलं, पाठीला माहीत होतं तेवढंच आणि तेव्हाच. खऱ्या भिंतीची थंड हवा तिच्या उजव्या कानाला लागून गेली. मग सायकल सरळ झाली, साखळी ताणली गेली, आणि करकरणारा ब्रेक मागे राहिला होता.

केंद्राची जोडी पहिली आली. या दोघी दुसऱ्या आल्या. दोन जोड्या जाणार होत्या.

वहिनी गवतावर पडून होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. घंटी शेजारी बसली. थोड्या वेळाने ओळखीची, हलकी पावलं आली.

"ताई, अभिनंदन," केंद्राची मुलगी म्हणाली. "पण एक विचारू? मागून सारखं दवाखाना, शाळा, वखार ऐकू येत होतं. ते काय असतं?"

"आमची गल्ली."

"मला शिकवाल? माझ्या मागची पण म्हणते, काहीतरी बोल म्हणून."

"आमची नाही चालणार तुम्हाला. तिला तिच्या घरचे रस्ते विचार. तिच्या सोबत चालून बघ. आणि मध्ये काही पाडलं असेल तर तेही विचार."

सरही आले होते. "बघितलं," एवढंच ते म्हणाले आणि तिचा खांदा थोपटून गेले.

आठवड्याने क्रीडा कार्यालयातून फोन आला. घंटी वाइंडिंगच्या टेबलाशी होती. एका हातात तार, मांडीवर मांजर. कारकुनाचा आवाज तिने लगेच ओळखला.

"मॅडम, आनंदाची बातमी. निवड झालेल्यांना खास बाब म्हणून दोन वर्षांची अट माफ आहे. तुम्हाला योजना पुन्हा लागू झाली."

"पुढे कोण बसणार?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "पायलट केंद्राची. पस्तिशीच्या आतली."

"मग नको."

"नको असेल तर अर्ज करावा लागेल," तो म्हणाला. "पण आता सोपं आहे. नवे अर्ज छापून आलेत, त्यात पाच कारणं आहेत. पाचवं तुमचं. गेल्या महिन्यात एक हातोडाफेकवाला येऊन गेला, त्यानेही तिथेच खूण केली. म्हणाला, मला माझ्या गावातच राहायचंय."

"छान. मग माझीही करून टाका."

"सहीला यावं लागेल."

"उद्या येते," घंटी म्हणाली. "वहिनीची पोरं शाळेत उतरली की."

तिने फोन ठेवला, मांजर मांडीवरून खाली सोडलं आणि मोटरीच्या खाचेत तारेचं पुढचं वेटोळं बसवलं.